"समजूतदार" हा शब्द मी आता घरात वापरत नाही

काठावरची · रात्री १२:४०

बरेच महिने इथे नुसती वाचते आहे. आज पहिल्यांदाच लिहितेय, आणि मुलाच्या आजाराबद्दल नाही, मुलीबद्दल.

मुलगा सहा वर्षांचा. आठ महिन्यांपूर्वी ए.एल.एल. निघाला, म्हणजे रक्ताचा कर्करोग. औषधं लागू पडली आहेत, पण उपचारांचा पल्ला दोन-अडीच वर्षांचा आहे. मुलगी दहा वर्षांची. पहिल्या दिवसापासून तिने काही म्हणजे काही त्रास दिला नाही. स्वतःचं दप्तर भरते, स्वतःची वेणी घालते. मी दवाखान्यात मुक्कामाला निघाले की दाराशी येऊन विचारते, "चार्जर घेतलास का?" येणारंजाणारं प्रत्येक माणूस म्हणतं, किती समजूतदार आहे हो पोर! खरं सांगते, मला ते ऐकून बरं वाटायचं. एक बाजू तरी आपोआप सांभाळली जातेय असं वाटायचं.

गेल्या आठवड्यात तिच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. तिला फळ्यावरचं दिसत नाही, शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते. बाईंनी विचारलं, कधीपासून? म्हणाली, सहामाहीच्या आधीपासून. मग घरी का नाही सांगितलंस? "माझं काही दुखत नाहीये ना. नुसतं दिसत नाहीये."

डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांना पावणेदोनचा नंबर.

चष्मा आला, तेवढा प्रश्न मिटला. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. आमच्या घरात दुखण्यांची रांग लागली होती. माझी मुलगी आपण होऊन त्या रांगेतून बाहेर पडली, आणि मी तिला त्याबद्दल शाबासकी देत राहिले.

ज्यांच्या घरी एक मूल खूप आजारी आहे किंवा होतं, त्यांनी दुसऱ्यासाठी काय केलं? तिच्याशी काय बोलू, कुठून सुरुवात करू? आणि वेळ कुठून आणू, तेही सांगा.


वाफ · रात्री १२:५८

"नुसतं दिसत नाहीये"ला थांबले. अनुभव नाही, म्हणून सल्ला देत नाही. धागा वर राहावा म्हणून लिहितेय.


मधला_मी · रात्री १:३५

ताई, मी तुमच्या मुलीच्या बाजूचा माणूस. वय ३८. माझ्या मोठ्या बहिणीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे शरीर पुरेसं रक्त बनवत नाही असा जन्मजात आजार. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. रक्तातून अंगात साठणारं लोह काढायला तेव्हा पंप असायचा. पोटाच्या कातडीखाली सुई, रात्रभर आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री. त्या पंपाची बारीक घरघर ऐकत मी मोठा झालो. आई तिच्या उशाशी, बाबा फेऱ्या मारत. मी शेजारच्या गादीवर डोळे मिटून जागा. जागा आहे हे कळलं तर आईला आणखी एकाला झोपवावं लागेल, म्हणून झोपेचं सोंग घ्यायला शिकलो. मलाही सगळे शहाणा म्हणायचे.

नऊ वर्षांचा असताना माझं रक्त तपासलं, ताईला द्यायला माझा बोनमॅरो (हाडांतला रक्त तयार करणारा मगज) जुळतो का बघायला. जुळला नाही. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्केच असते, म्हणजे चारांतून तीन वेळा न जुळणं हेच अपेक्षित. हे मला कळलं कॉलेजात गेल्यावर. तोवर माझ्या डोक्यात एकच होतं, एक परीक्षा होती, तिच्यावर ताई बरी होणार होती आणि मी तिच्यात नापास झालो. निकाल आला त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात रडत होती. कुणी मला रागावलं नाही. पण कुणी जवळ घेऊन "यात तुझं काही चुकलं नाही" असंही म्हटलं नाही. म्हणायला हवं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसावं.

आईबाबांवर राग नाही. ते बुडत होते. ताई आज चाळिशीत आहे, नोकरी करते, लोहासाठी आता तोंडाने घ्यायचं औषध आहे. आमचं नातं घट्ट आहे. पण दुखलं की सांगायचं असतं, हे मला बायकोने शिकवलं, लग्नानंतर.

तुम्ही मुलीला विचारताय, ते दहाव्या वर्षी विचारताय. उशीर झालेला नाही.


स्पष्टच · सकाळी ७:२०

पटत नाही. दहा वर्षांच्या मुलीला आजाराचे तपशील, बोनमॅरो, टक्केवारी कशाला सांगायची? मोठ्यांची काळजी मोठ्यांनी वाहावी. तिला छंदवर्ग लावा, मैत्रिणींत जाऊ द्या, घरातलं वातावरण हसतं ठेवा. तिचं बालपण तेवढं वाचेल. हे मी काळजीने लिहितेय, टीका म्हणून नाही.


रात्रपाळी · सकाळी ९:०५

मी चौदा वर्षं मुलांच्या कर्करोग वॉर्डात परिचारिका आहे. काल रात्रीच वाचलं होतं, पाळी संपल्यावर लिहितेय.

स्पष्टच ताई, तुमची कळकळ पोचली. पण मुलांना न सांगितल्याने काळजी टळत नाही, ती एकट्याने करावी लागते एवढंच. मुलं फोनवरचं अर्धं बोलणं ऐकतात, रिपोर्टवरचं नाव वाचतात, मोबाइलवर शोधतात. उरलेलं कल्पनेने भरतात, आणि ती कल्पना बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयानक असते. छंदवर्ग जरूर लावावा. सांगण्याच्या जागी मात्र लावू नये.

काठावरची, कुठून सुरुवात करायची विचारलंत. आधी तीन गोष्टी सांगा, तिने विचारल्या नसल्या तरी. हे कुणाच्या वागण्यामुळे, बोलण्यामुळे, मनात आलेल्या विचारामुळे झालेलं नाही. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. आणि काहीही झालं तरी तुझं बघणारं माणूस ठरलेलं आहे, त्याचं नाव अमुक. तिसरी गोष्ट आपण विसरतो, आणि मुलांना रात्री झोपताना तीच हवी असते. आज मला शाळेतून कोण घेणार, रात्री घरी कोण असणार? "बघू काहीतरी" हे उत्तर मोठ्यांना चालतं, मुलांना नाही.

पहिली गोष्ट धाकट्या भावंडांना तर वारंवार सांगावी लागते. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दोन ते सात या वयातल्या मुलांच्या विचाराबद्दल मांडलंय ते आम्ही वॉर्डात रोज बघतो. मनात आलं आणि तसं घडलं, यातला संबंध त्यांना खरा वाटतो. "भाऊ नको" असं एकदा रागात मनात आलेलं असतं, आणि मग भाऊ आजारी पडतो. तुमची मुलगी दहाची आहे, म्हणजे त्या वयातून बाहेर. पण भीतीच्या वेळी मोठी मुलंही तिथेच परत जातात. म्हणून गृहीत धरू नका, सांगा.

आता एक अगदी व्यवहारातली गोष्ट, कारण इथेच नकळत जखमा होतात. किमोत पांढऱ्या पेशी उतरतात, तापमापक ३८ अंशांवर गेला की धावाधाव होते, आणि घरात जंतू आणणारं माणूस म्हणजे शाळेत जाणारं भावंड. त्याला सर्दी झाली की घाईघाईने मावशीकडे पाठवतात. गरजेचं असतं ते. पण एका मुलाने मला विचारलं होतं, "मी घाण आहे म्हणून पाठवतात का?" पाठवण्याआधी दोन मिनिटं बसा. "तुझी सर्दी साधीच आहे, सगळ्यांना होते. त्याच्याकडे लढायला सध्या सैनिक कमी आहेत. पेशी वाढल्या की तू परत." आणि परत कधी, ते कळेल तसं रोज सांगा.

लसींचंही त्याच ओघात सांगते. भावंडांच्या नेहमीच्या लसी थांबवायच्या नाहीत, गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांचीसुद्धा. फ्लूची तर घरातल्या सगळ्यांनी घ्यावी. तोंडावाटे देण्याच्या पोलिओ डोसाबद्दल मात्र आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाच्या घरात तो टाळतात, इंजेक्शनचा चालतो. वर्गात कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी वॉर्डात फोन करा.

आणि हे नुसतं माझं मत नाही. २०१५ साली बालकर्करोगातल्या मानसिक-सामाजिक आधाराची १५ मानकं प्रसिद्ध झाली. त्यातलं एक पूर्ण मानक भावंडांबद्दल आहे, या मुलांना जोखीम असते आणि त्यांना आधार मिळायला हवा. तेव्हा तुमच्या टीमकडे बिनदिक्कत मागा. समुपदेशक आहे का, मुलीला वॉर्ड दाखवता येईल का, डॉक्टर तिच्याशी दहा मिनिटं बोलतील का. आईबाप संकोचतात, "आधीच एवढं करताहेत" म्हणून. संकोचू नका.


खडूफळा · सकाळी ११:३०

शिक्षिका आहे. शाळेत काय होतं ते सांगते.

अशा घरातलं मूल वर्गात आलं की प्रत्येक जण त्याला एकच विचारतो, "भाऊ कसा आहे?" शिपाई, मुख्याध्यापिका, मैत्रिणीची आई. दिवसातून दहा वेळा. ते मूल भावाचं बातमीपत्र होऊन जातं. मी ठरवून आधी तिच्याबद्दल काहीतरी विचारते, मग वाटलं तर भावाबद्दल. तुम्ही शाळेला एक चिठ्ठी लिहून ठेवा. काय सांगितलंय, किती सांगितलंय, कुणाला फोन करायचा, आणि रडू आलं तर तिने न विचारता कुठे जाऊन बसायचं. वर्गात काय सांगायचं ते मात्र मुलीला विचारून ठरवा. काही मुलांना सगळ्यांना कळलेलं हवं असतं. काहींना शाळा ही एकच जागा हवी असते, जिथे आजाराचं नाव निघत नाही.

बाईंनी फोन केला हे फार बरं झालं. गृहपाठ राहणं, वारंवार पोटात दुखणं, वर्गात डुलक्या हे दिसतं, पण सगळं चोख करणाऱ्या मुलीकडे आमचंही लक्ष जात नाही.


नातवंडांची_आजी · दुपारी ३:१०

माझ्या थोरल्या नातवाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा धाकटी चार वर्षांची होती. आमच्या घरात मी एक ठरवलं, मी धाकटीचं माणूस. थोरल्याकडे बघायला आईबाप, आत्या, सगळं गणगोत होतं. तिच्याकडे मी. दवाखान्यात मी फारशी गेलेच नाही, लोकांनी नावंही ठेवली. भेटायला येणारे थोरल्यासाठी खेळणी आणायचे. मी दारातच सांगायचे, दोघांना आणा नाहीतर कुणालाच नको.

वेळ कुठून आणायचा विचारतेस ना बाळा, सगळा वेळ तूच आणायचा असं नाही. तिच्यासाठी एक माणूस नेमून दे. पण त्या माणसाने तिच्यापुढे आजाऱ्याचं गुणगान गायचं नाही.


सातची_आई · दुपारी ४:४५

मधला_मी, तुमचं वाचून हात थरथरतोय. माझ्या मोठ्या मुलीचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट ठरलंय आणि माझा सात वर्षांचा मुलगा जुळलाय. सगळे त्याला "ताईला वाचवणार आमचा वीर" म्हणताहेत. मीही म्हणत होते.


मधला_मी · दुपारी ५:२०

ताई, "वीर" आजच थांबवा, कृपा करून. नापासाची दुसरी बाजू आहे ती. उद्या ट्रान्सप्लांटमध्ये काही अडचण आली तर तो म्हणेल, माझ्या पेशी वाईट निघाल्या. आत्ताच, निकालाच्या आधी सांगून ठेवा. "तू तुझ्या पेशी दिल्यास, तिथे तुझं काम संपलं. पुढे काय होतं ते औषधांचं आणि आजाराचं, तुझं नाही."


रात्रपाळी · संध्याकाळी ६:००

पूर्ण अनुमोदन. दाता मुलासाठी आणखी एक. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये दाता मुलांबद्दल भूमिका मांडली. तिच्यात एक महत्त्वाचं आहे की दाता मुलाच्या बाजूने बघणारं, आजारी मुलाच्या टीमबाहेरचं एक माणूस हवं. तुमच्याकडे तशी रीत नसेल तरी मागून बघा, त्याची तपासणी निदान वेगळ्या डॉक्टरांनी करावी. त्याला खरं सांगा. पूर्ण भूल देतात, कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मॅरो काढतात, नंतर काही दिवस ठणकतं. काढलेला मॅरो काही आठवड्यांत भरून येतो. आणि त्या दिवशी त्याच्या खाटेशी कोण बसणार ते आज ठरवा. ट्रान्सप्लांटच्या दिवशी सगळं घर मॅरोच्या पिशवीमागे पलीकडे आजारी मुलाच्या खोलीत जातं आणि दाता एकटा जागा होतो. मी हे पाहिलंय.


सातची_आई · संध्याकाळी ६:१५

त्याचे बाबा बसणार. आत्ताच ठरवलं.


एक_बाबा · रात्री ११:५०

लिहू की नको, तीन वेळा पुसलं. आमची मुलगी गेली. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. या धाग्यावर बहुतेकांची मुलं उपचारांत आहेत, त्यांना घाबरवायचं नाही, म्हणून कुणाला वाचायचं नसेल तर पुढे जा.

आम्ही त्याला म्हणालो, ताई झोपली. त्यानंतर तो झोपेना. दिवा बंद केला की किंचाळायचा. मग कुणीतरी सांगितलं, ताई आजारी होती म्हणून गेली. पुढच्या महिन्यात त्याला साधा खोकला झाला तेव्हा त्याने स्वतःची खेळणी वाटून टाकली. शेजारच्या मुलाला, कामवाल्या मावशींना. आम्हाला चार दिवसांनी उलगडलं.

मग एका समुपदेशक बाईंनी आम्हाला नीट शब्द दिले. "तिचं शरीर थांबलं. ते परत सुरू होणार नाही. तिला आता दुखत नाही. तिचा आजार फार मोठा होता, सर्दी-खोकल्यासारखा नव्हता." तो रोज तेच विचारायचा, मग कधी येणार? पाचव्या वर्षी "कायमचं" एकदा सांगून कळत नाही, हळूहळू उतरतं. आम्ही रोज तेच उत्तर देत गेलो. रडत देत गेलो. त्याच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते बाईंनी मोडायला लावलं. आमचं रडू बघून त्याला त्याचं सापडलं.

एक गोष्ट मात्र बरोबर झाली. शेवटच्या आठवड्यात त्याला तिला भेटू दिलं. एका परिचारिकेने आधी फोटो दाखवून समजावलं होतं, ही नळी कशाची, हा आवाज कशाचा, ताई बोलणार नाही पण तू बोलू शकतोस. तो आत दहा मिनिटं होता आणि तिच्या नखांना रंग लावून आला. आज तो चौदाचा आहे. ती दहा मिनिटं त्याच्यापाशी आहेत.


स्पष्टच · पहाटे ५:४०

बाबा, रात्रभर तुमचं वाचत होते. मी वर लिहिलेलं मागे घेते.


वाफ · सकाळी ८:१५

अशा मुलांसाठी "ग्लास चाइल्ड" असा शब्द कुठेतरी वाचला होता. आईबापांची नजर त्यांच्यातून आरपार जाते, म्हणून काचेचं मूल. या भावंडांना एकमेकांना भेटवणारं काही असतं का कुठे?


मधला_मी · सकाळी ९:००

तो शब्द मला स्वतःला लागू पडतो, पण मुलांसमोर वापरू नये असं मला वाटतं. एक शिक्का काढून दुसरा मारल्यासारखं होतं.

भेटवणारं आहे. डॉन मेयर यांनी १९८२ साली अमेरिकेत सिअॅटलमध्ये "सिबशॉप" सुरू केलं, पुढे ते अनेक देशांत पोचलं. आजारी किंवा अपंग मुलांची शाळकरी भावंडं एकत्र येतात, बराच वेळ खेळतात आणि खेळता खेळता बोलतात. तो उपचार नव्हे, मुलांचा मेळावाच म्हणा. मला लहानपणी असं एक जरी पोर भेटलं असतं, ज्याला पंपाचा आवाज माहीत आहे! मोठी संस्था नसली तरी वॉर्डातल्या दोन-तीन घरांची भावंडं महिन्यातून एकदा एकत्र खेळायला बोलावता येतील.


काठावरची · तीन आठवड्यांनंतर, रात्री १०:३०

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. इथे सांगायलाच हवं असं काही घडलं.

रात्रपाळी ताईंच्या सांगण्याप्रमाणे मी मुलीला म्हटलं, हे कुणामुळेही झालेलं नाही. समोरासमोर बसून बोलायला जमणार नाही वाटलं, म्हणून कपड्यांच्या घड्या घालताना म्हटलं. ती घडी घालतच राहिली. मग म्हणाली, "पण ते डाग?"

निदान व्हायच्या आधी महिनाभर मुलाच्या पायांवर, दंडांवर निळे डाग दिसायचे. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी झाल्याने ते होते, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, बहीण-भावांची मारामारी. मी तिला रागावले होते. एकदा नव्हे. "किती जोरात मारतेस त्याला, बघ काय केलंस." शेवटच्या वेळी तिला खोलीत बसवून ठेवलं होतं. आणि त्यानंतर पाचव्या दिवशी आम्ही त्याला दाखल केलं.

मी विसरून गेले होते. ती आठ महिने धरून बसली होती. तिला वाटत होतं तिच्या मारण्याने त्याचं रक्त बिघडलं आणि आम्हाला ते माहीत आहे, फक्त आम्ही बोलत नाही. म्हणून दप्तर, म्हणून वेणी, म्हणून चार्जर.

मी घडी ठेवली आणि तिची माफी मागितली. सगळं उलगडून सांगितलं, डाग आजारामुळे होते, ती हात लावायच्याही आधीपासून आजार आत होता, आणि चुकले ते मी. ती म्हणाली, "मग मी मारलंच नव्हतं तितकं!" आणि मग जी भडकली माझ्यावर! तासभर. त्याचे लाड, माझे विसरलेले दोन कार्यक्रम, तिच्या वाढदिवसाला आम्ही वॉर्डात होतो ते, सगळं. मी एकाही गोष्टीला "पण" म्हटलं नाही. ते फार अवघड गेलं.

आता रोज रात्री वीस मिनिटं तिची. मी वॉर्डात असले तर फोनवर, आणि तेव्हा बाबा भावाजवळ. त्यात भावाचा विषय तिने काढला तरच. दोनदा मोडलं, आणीबाणी आली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी भरून दिलं. तिच्यासाठी माझी बहीण नेमली आहे (आजी, तुमचा शब्द). वाईट दिवसही आहेत. गेल्या मंगळवारी ती शाळेत गेलीच नाही, आणि पोटदुखी अजून येते-जाते. समुपदेशकांची पहिली भेट झाली, पुढची ठरली आहे.

शनिवारी तिला वॉर्ड दाखवायला नेतेय. डॉक्टर वेळ देताहेत. तिने प्रश्न लिहून काढलेत. छातीतला पोर्ट (औषधं द्यायला कातडीखाली बसवलेली डबी) काढल्यावर तिथे भोक राहतं का? झोपेत त्याला दुखतं का? तो पहिलीत परत बसणार का? मला रक्त देता येईल का? आणि शेवटचा, तुमच्याकडे बहिणींसाठी खुर्ची आहे का?


रात्रपाळी · रात्री ११:१०

भोक राहत नाही, बारीक व्रण राहतो. रक्त मोठी झाल्यावर देता येईल, आत्ता नाही. झोपेतलं तिला डॉक्टरांनाच विचारू द्या, फार चांगला प्रश्न आहे. पहिलीचं शाळेशी बोलून ठरेल.

खुर्चीचं उत्तर मला देता येईना. आमच्या वॉर्डात प्रत्येक खाटेशी एकच खुर्ची असते, आईची. आज पाळीवर जाते तेव्हा स्टोअरमध्ये विचारते, बुटकी खुर्ची मिळते का.